याकूबसाहेबांची दहा माणसं

हॉलंडहून परत आल्यापासून जो भेटतो तो ट्यूलिपबद्दल विचारतो. ट्यूलिप मी पाहिले नाहीत. मी तिथं होतो तो हिवाळाभर ते जमिनीखाली होते, आणि जमिनीवर यायच्या आत माझा अभ्यासक्रम संपला. पवनचक्क्या पाहिल्या, पण त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचं आहे ते ॲमस्टरडॅममधल्या ज्यूंच्या जुन्या वस्तीबद्दल. तिथं मी हौसेनं गेलो नव्हतो, एका मेलेल्या माणसाचं काम घेऊन गेलो होतो.

जयपूर

मी मूळचा अलिबागजवळच्या नागावचा. नोकरी केंद्र सरकारच्या पाणीखात्यात, बदली जयपूरला, बिऱ्हाड बनीपार्कात. एकदा बायकोच्या अंगठीतला पाचू सैल झाला म्हणून जोहरी बाजारात गेलो. गोपालजी का रास्ता या गल्लीत एका माडीवर याकूबसाहेब नावाचे गोरे, म्हातारे कारागीर बसतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. जिना चढून गेलो तर दाराच्या उजव्या चौकटीवर तिरकी ठोकलेली पितळेची बोटभर नळी दिसली. मी आत जाताना तिला बोटं लावली आणि ती बोटं ओठांना लावली.

यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. नागावला आमच्या शेजारी हन्नाबाई राहत. त्या बेने इस्राएल, म्हणजे आमच्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. गावात त्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद. त्यांच्या दारावर अशीच नळी होती. आत देवाच्या नावाचा चर्मपत्राचा तुकडा असतो आणि घरात येताजाता सगळे तिला हात लावतात. मी दिवसभर त्यांच्याकडेच पडलेला असे, मलिद्याचे गोड पोहे खायला तर हमखास, तेव्हा माझाही हात लागायचा. आमचे वडील चिडवायचे, "आमच्या उंबऱ्याला कधी हात लावला नाहीस तो." ती सवय पंचविशी उलटली तरी गेली नाही.

तर याकूबसाहेब हातातला खडा खाली ठेवून उभेच राहिले. "यहूदी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जी नहीं, मराठी ब्राह्मण." त्यांचा चेहरा असा पडला की मला उगीचच अपराधी वाटलं. मग माझी हकीगत ऐकून ते पोट धरून हसले आणि त्या दिवसापासून आमची दोस्ती जमली.

ते ॲमस्टरडॅमचे हिरे कापणारे. लढाईच्या आधी पाचूच्या खरेदीसाठी जयपूरला आले, आणि मागे लढाई सुरू झाली. बायको आणि दोन मुली तिकडे होत्या. जर्मनांनी तिथल्या ज्यूंना गाड्या भरभरून नेलं, त्यांत त्याही गेल्या. हे त्यांना फार उशिरा कळलं. मग परत कुणाकडे जायचं म्हणून ते जयपुरातच राहिले, बाजारी हिंदी शिकले, आणि त्यांच्या माडीवरचे नसीर उस्ताद त्यांच्यापासून हिऱ्याची घडण शिकले. हिऱ्याला पैलू पाडायचं चाक चालवताना याकूबसाहेब शीळ घालत. ती शीळ ऐकू आली नाही तर गल्लीतले लोक जिन्यात येऊन विचारत, "साहब की तबीयत?"

त्यांना एकच घोर होता. ज्यूंमध्ये मेलेल्या माणसामागे कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतात. त्यात मरणाचा उल्लेख नसतो, नुसती देवाची थोरवी. पण ती म्हणायला दहा ज्यू पुरुष एकत्र लागतात. नवांवर भागत नाही. जयपुरात ते एकटे. दिल्लीला सणाला जाऊन येत, पण तिथंही दहा जमतील याची खात्री नसे. एकदा उस्ताद म्हणाले, "साहब, हम दस खड़े हो जाएँगे." याकूबसाहेब म्हणाले, "खड़े होना. गिनना मत."

माझं हॉलंडला जायचं ठरलं तेव्हा ते अंथरुणाला खिळले होते. मला म्हणाले, "माझ्या गावी जातोयस. तिथं दहा माणसं माझ्या नावानं उभी करून कद्दीश म्हणवून घे. तिथं तरी जमतील." मी हो म्हटलं. आजाऱ्याला आपण म्हणतो तसंच म्हटलं होतं, पण आठवड्यात ते गेले आणि त्या हो ला वजन आलं. ख्रिस्ती दफनभूमीच्या कोपऱ्यात जागा मिळाली. उस्ताद, त्यांचे कारागीर आणि आमच्या गणपतीला जमणारे मराठी बँकवाले आणि विमावाले असे आम्ही उभे राहिलो. मोजलं कुणीच नाही.

उस्ताद नावाच्या मोहराही कोरतात. त्यांनी स्वतःच्या हातानं थडग्यावरचा दगड करायला घेतला. 'याकूब वल्द' एवढं कोरलं आणि थांबले. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, त्याशिवाय नाव पुरं होत नाही असं त्यांचं म्हणणं. आणि बापाचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्ही मराठी माणसं बापाचं नाव मधे घालूनच सही करतो, तरी इतक्या वर्षांत मी ते विचारलं नव्हतं. सांगानेरला विमानतळावर पोचवायला आलेले उस्ताद एवढंच म्हणाले, "वालिद का नाम भी पूछ लीजिएगा."

डेल्फ्ट

डेल्फ्टबद्दल थोडक्यात सांगतो. राजस्थानात आमचं खातं पाणी आणायसाठी आहे आणि तिकडे तेच खातं पाणी घालवायसाठी. माझ्याबरोबर शिकणारे डच इंजिनियर पाया खणताना पाणी लागलं तर कपाळाला हात लावत. मी त्यांना आमच्याकडे पाणी लागलं की गूळ वाटतात असं सांगितलं, ते त्यांना थट्टा वाटली.

सकाळी पावावर चॉकलेटचा भुगा घालून खातात, मोठी माणसंसुद्धा. दुपारी पुन्हा पाव. संध्याकाळी घरमालकीण चहाबरोबर बिस्किटांचा डबा पुढे करी, मी एक बिस्किट उचललं की झाकण लावून डबा कपाटात जाई. पहिल्या दिवशी मी 'नको नको' म्हणालो, आपल्या रीतीनं, म्हणजे ती आग्रह करील. तिनं मला नको आहे असंच समजून डबा आत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या हाकेला घेऊ लागलो. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. आणखी हवं असेल तर माणूस बोलेल, असा तिथला साधा हिशोब आहे आणि त्याची मला पुढे उपयोगाची सवय लागली.

ॲमस्टरडॅम

मार्चच्या सुरुवातीला दोन दिवस मोकळे मिळाले तसा मी ॲमस्टरडॅमची गाडी धरली. स्टेशनाबाहेर पुलावर पाऊल ठेवतो न ठेवतो तोच वाऱ्यानं माझी काळी टोपी उचलून कालव्यात टाकली. एक बदक तिच्याभोवती फिरून गेलं. मग पिशवीतून बायकोनं विणलेली तांबडी कानटोपी काढली आणि ती चढवून मी ज्यूंच्या वस्तीकडे निघालो. लोक वळून पाहत होते, पण कान ऊबदार होते.

वस्ती म्हणून मी काय पाहणार होतो कुणास ठाऊक. याकूबसाहेबांच्या बोलण्यातून माझ्या डोळ्यांपुढे जोहरी बाजारासारखं काही उभं होतं, गाड्या, आरोळ्या, गर्दी. इथं रस्ते होते, मधेमधे घरंही होती, आणि घरांमध्ये मोठमोठ्या मोकळ्या जागा होत्या, दात पडलेल्या तोंडासारख्या. माणसं नेल्यावर घरं रिकामी राहिली. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात गावात जळण नव्हतं, तेव्हा उरलेल्या लोकांनी त्या रिकाम्या घरांतले जिने आणि तुळया काढून जाळल्या आणि भिंती आपोआप बसल्या. हे मला सांगितलं ते पोर्तुगीज ज्यूंच्या सिनेगॉगच्या रखवालदारानं, आणि अगदी सपाट आवाजात सांगितलं.

कोपऱ्यावरच्या पुलाजवळ हेरिंग माशाची एक हातगाडी होती. लोक कच्चा खारवलेला मासा शेपटीला धरून, मान मागे टाकून, तसाच तोंडात सोडत होते. गाडीवाला रुंद खांद्यांचा, आंबट तोंडाचा गृहस्थ. त्यानं एक मासा माझ्यापुढे धरला. मी मान हलवून मागे सरलो, तसा तो माझ्या कानटोपीकडे पाहून डच भाषेत काहीतरी बोलला आणि गिऱ्हाइकं हसली. मी समजायचं ते समजलो.

पोर्तुगीज ज्यूंचं ते सिनेगॉग तीनशे वर्षांचं आहे. यांचे पूर्वज पोर्तुगालातून छळाला कंटाळून इकडे आले आणि श्रीमंत झाले. आत शिरलो आणि पायाखाली कर्र झालं. सगळ्या लाकडी जमिनीवर बारीक रेती पसरली होती. रखवालदार म्हणाला, पायांचा चिखल सुकावा आणि आवाज होऊ नये म्हणून. काहीजण म्हणतात, वाळवंटातून चाललेल्या पूर्वजांची आठवण म्हणून. मी म्हटलं, "मी राजस्थानातून आलोय, रेतीपासून सुटका होईल म्हणून." तो पहिल्यांदा हसला. विजेचे दिवे नाहीत, पितळेच्या मोठ्या झुंबरांत मेणबत्त्याच लावतात. उंच खिडक्यांतून करडा उजेड येतो आणि तेवढा पुरतो. ही सगळी इमारत पाण्यात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभी आहे आणि खालून होडीतून जाऊन खांब तपासतात, हे ऐकल्यावर माझ्यातला इंजिनियर सिनेगॉग विसरून खांबांबद्दलच विचारत बसला.

आमच्या नागावच्या बाजूला हन्नाबाई आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. तिथं पायऱ्यांवर चपला काढून आत जायचं आणि खोबरेल तेलाचा दिवा तेवत असायचा. इथं बूट घालून जातात, टोपी मात्र हवीच. माझी कानटोपी पाहून रखवालदारानं काही म्हटलं नाही.

मग याकूबसाहेबांचं तिकडचं नाव सांगून मी कामाचं विचारलं. "याकोब दे व्रीस. हिरे कापायचे. वडिलांचं नाव माहीत नाही."

"दे व्रीस," तो म्हणाला. "या रस्त्यावर दर दुसऱ्या दारावर दे व्रीस होते."

म्हणजे मी पुण्यात जाऊन कुलकर्ण्यांची चौकशी करत होतो.

"तो आमच्यातला नसणार," रखवालदार म्हणाला. "हिरेवाले बहुतेक समोरचे, जर्मनी-पोलंडकडून आलेले." त्यानं मला दाराशी नेऊन समोर दाखवलं. रस्त्यापलीकडे एकाला एक लागून सिनेगॉगच्या चार इमारती होत्या. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. आतलं लाकूडकाम गेलं, बसायला बाकं नाहीत, आणि बसणारेही नाहीत. याकूबसाहेबांना जिथं कद्दीश हवं होतं ती जागा यांच्यातलीच एक. मी फळ्यांच्या फटीतून पाहिलं. आत कबुतरं होती.

"उरलेले लोक कालव्याच्या कडेला एका खोलीत जमतात, पुलासमोरच, दुकानाच्या वर," तो म्हणाला. "सकाळी लवकर जा. नऊ तर असतात."

"दहा नाहीत?"

"कधी कधी असतात. मी जाऊ शकत नाही, इथं आमच्यातही मलाच दहावं व्हायचं असतं."

दुसरी सकाळ

अरुंद, शिडीसारखा जिना चढून गेलो. दार उघडं होतं आणि चौकटीवर ती नळी होती, इथं पत्र्याची. डोक्यात कद्दीश, दहा माणसं, वडिलांचं नाव असलं सगळं घोळत होतं. हात आपोआप वर गेला, बोटं नळीला लागली आणि मग ओठांना.

आत शेगडीभोवती काही म्हातारे बसले होते. त्यांनी हे पाहिलं. एकजण उठून उभा राहिला. एक दुसऱ्याला काहीतरी म्हणाला आणि दुसरा माझ्याकडे पाहून हसू लागला, तोंडभर. "बाँबे?" कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, "बाँबेजवळच." झालं. त्यांनी मला खुर्ची दिली, माझ्या कानटोपीला सगळ्यांनी माना डोलावल्या. एक उंच म्हातारा, घड्याळं दुरुस्त करणारा, तो त्यांचा पुढारी दिसत होता. त्यानं पोतडीतून चामड्याचे काळे पट्टे काढले, माझा कोट उतरवला आणि डावी बाही वर सारू लागला.

ते पट्टे मी ओळखत होतो. याकूबसाहेब रोज सकाळी ते हाताला गुंडाळत. त्याशिवाय सकाळची प्रार्थना होत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मला दहावा धरलंय.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला काय कळणार होतं? कद्दीश झालं असतं, मी जयपूरला जाऊन उस्तादांना काम झालं म्हणून सांगितलं असतं. हे म्हातारेही खुशीत घरी गेले असते. खरं सांगतो, हात मागे घ्यायला मी जरा वेळ लावला. मग याकूबसाहेबांचं 'गिनना मत' आठवलं आणि मी हात काढून घेतला.

"माफ करा," मी म्हटलं. "मी हिंदू आहे."

जो उठून उभा राहिला होता तो खाली बसला. घड्याळवाल्याच्या हातात पट्टा तसाच लोंबत होता.

"मग दाराला हात का लावलात?"

मी त्यांना नागाव, हन्नाबाई, मलिदा सगळं सांगितलं. मग याकूबसाहेबांचं सांगितलं. तो माणूस तिकडे एकटा मेला आणि त्याच्यामागे कद्दीश झालेलं नाही, हेही सांगितलं. माझं इंग्रजी घड्याळवाला डचमध्ये करत होता आणि त्यांचं बोलणं माझ्यासाठी इंग्रजीत. ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "तुम्ही खरं बोललात हे चांगलं केलंत. पण आम्ही नऊ आहोत. नवांना येत नाही."

मी कोट घालायला घेतला. तेवढ्यात शेगडीजवळचा एक ठेंगणा म्हातारा म्हणाला, "मी सालोमनला विचारतो."

"तो येणार नाही," घड्याळवाला म्हणाला. मला सांगितलं, "खालचा हेरिंगवाला. जर्मनांच्या छावणीतून एकटाच परत आला. तेव्हाच म्हणाला होता, देवाच्या दारात मी पाय ठेवणार नाही. आम्ही त्याला कधी विचारत नाही."

"आज मी विचारतो," ठेंगणा म्हणाला आणि जिना उतरला.

मी खिडकीतून पाहत होतो. पुलाजवळ कालचाच तो आंबट तोंडाचा गाडीवाला गाडी उघडत होता. ठेंगणा त्याच्याशी बोलू लागला. हेरिंगवाल्यानं सुरीनं वर खिडकीकडे दाखवलं. ठेंगण्यानं मान हलवली आणि स्वतःच्या कानांवर हात ठेवून दाखवलं, माझी कानटोपी सांगत असावा. शेवटी हेरिंगवाल्यानं सुरी ठेवून फडक्याला हात पुसले.

तो वर आला. दाराच्या नळीला त्यानं हात लावला नाही. अंगावरचं फडकं न काढता भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मी फक्त उभा राहीन. म्हणणार काही नाही."

"उभा राहा," घड्याळवाला म्हणाला. पट्टे बांधायला त्याच्याजवळ कुणी गेलं नाही. मी उंबऱ्याबाहेर जिन्याच्या माथ्यावर सरकलो आणि तिथून पाहत राहिलो.

प्रार्थना झाली. कद्दीश घड्याळवाल्यानं म्हटलं आणि जागोजागी बाकीच्यांनी आमेन म्हटलं. गोपालजी का रास्ता, ती माडी आणि ती शीळ मला आठवत होती, आणि काम झालं म्हणून बरं वाटलं. मग मेलेल्याचं नाव घेऊन आणखी एक प्रार्थना म्हणायची होती. घड्याळवाल्यानं मला विचारलं, "याकोब, कुणाचा मुलगा?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

भिंतीकडून मोडक्या इंग्रजीत आवाज आला. "काम करताना शीळ घालायचा?"

"हो," मी म्हटलं. "सतत."

"मेयरचा मुलगा," सालोमन म्हणाला. "मेयरकडे मी हिरा धरायला शिकलो. याकोब शेजारच्या चाकावर असायचा. त्याच्या शिळेनं डोकं उठायचं. मला वाटलं होतं तोही सगळ्यांबरोबर गेला."

घड्याळवाल्यानं याकोब, मेयरचा मुलगा, असं नाव घेऊन प्रार्थना पुरी केली. म्हातारे हातावरचे पट्टे सोडू लागले. तोच सालोमन भिंतीपासून पुढे आला.

"थांबा," तो म्हणाला. "अजून दहा आहोत ना?"

सोडलेले पट्टे म्हाताऱ्यांनी पुन्हा हाताला गुंडाळले. सालोमननं नावं घेतली. राखेल, त्याची बायको. मग मुलांची नावं, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. मग कद्दीश म्हणायला लागला आणि पहिल्याच ओळीत अडला. घड्याळवाला त्याच्याजवळ जाऊन एकेक शब्द सांगत गेला आणि तो मागून म्हणत गेला. त्याच्या फडक्याला माशांचे खवले चिकटलेले होते. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

संपल्यावर सालोमन म्हणाला, "कांदा चिरायचा राहिलाय," आणि माझ्या शेजारून जिना उतरून गेला.

मी खाली आलो तेव्हा त्यानं एक मासा कांद्यात घोळवून माझ्यापुढे धरला. नागावचा असूनही मी जन्मात मासा तोंडात घातलेला नव्हता, बायको तर ऐकूनच उठून गेली असती. पण घरमालकिणीच्या बिस्किटांनी शिकवलं होतं, पहिल्या हाकेला घ्यावं. शेपूट धरून, मान मागे टाकून मी तो खाल्ला. खारट, गार आणि बराच बरा होता. सालोमन माझ्याकडे पाहत होता, हसला मात्र नाही.

"तिकडे पुरताना कोण होतं त्याच्याजवळ?" त्यानं विचारलं.

"त्याचा मुसलमान शागीर्द. कारागीर. आम्ही काही मराठी लोक."

"किती?"

"मोजलं नाही," मी म्हटलं.

त्यानं मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

जोहरी बाजार

जयपूरला आल्यावर दुसऱ्याच दिवशी माडीवर गेलो. दारावरची पितळेची नळी उस्तादांनी काढलेली नाही, उलट घासून चकचकीत ठेवली आहे. दगड कोपऱ्यात, पोत्याखाली होता. मी वडिलांचं नाव सांगितलं. "मेयर," उस्ताद दोनदा म्हणाले, मग माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि पोतं बाजूला सारून तिथंच टाकी हातात घेतली. पहिलं अक्षर निघालं. मग वर न पाहता त्यांनी विचारलं.

"दस हुए थे?"

"हुए."

"आपको मिलाकर?"

"मुझे छोड़कर."

उस्तादांनी अक्षरातली धूळ फुंकली आणि पुढच्या अक्षरावर टाकी ठेवली.